लॅटिना लेखिकेचा आत्मपर निबंध मराठीत आणताना: नाती, नावं आणि 'मूळची कुठली?'

(एका अनुवादकाचे प्रश्न आणि त्याला मिळालेली उत्तरं. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ओसरी

अनुवादाचा मजकूर असा आहे: लेखिका अमेरिकेत जन्मलेली, वडलांचं घराणं टेक्सासमधलं मेक्सिकन, आई लहानपणी प्वेर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेली. निबंध इंग्रजीत आहे, पण दर दोन ओळींआड स्पॅनिश शब्द डोकावतो. विषय घरातली माणसं, आपण नेमक्या कोण हा प्रश्न, आणि टोमणे. टोमणे बाहेरचे आहेत तसे घरातलेही आहेत. गाडं अडलंय ते इथे:

१. फॉर्मवर ती 'हिस्पॅनिक', बोलताना 'लॅटिना', कॉलेजात गेल्यावर 'चिकाना'. आई स्वतःला 'बोरिक्वा' म्हणवते. सरसकट 'लॅटिन अमेरिकी' केलं तर चालेल का?

२. आडनाव 'हर्नांडेझ' लिहायचं की आणखी काही? शिवाय आडनावं दोन आहेत, दुसरं आईकडचं 'रिव्हेरा'.

३. आई मुलीला 'मामी' म्हणते, आजीचा उल्लेख 'नाना' असा येतो. मराठीत पार गोंधळ.

४. वडील म्हणतात, "आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनं आम्हाला ओलांडलं." नुसता शब्दखेळ आहे की मागे काही घडलंय?

५. शेजारीण विचारते 'मूळची कुठली', आणि आत्या भाच्याच्या गोऱ्या बायकोकडे बघून 'वंश सुधारला' म्हणते. दोन्ही वाक्यं मराठीत आणली की बोथट होतात.

६. तळटिपा किती द्याव्यात?

खडूपाटी

पहिल्या प्रश्नापुरतं. सरसकट 'लॅटिन अमेरिकी' केलंत तर निबंधाचा कणाच मोडेल, कारण कोण कुणाला कोणत्या शब्दानं हाक मारतं हाच त्याचा विषय दिसतो. चारही शब्द जसेच्या तसे ठेवा.

फरक असा. लॅटिना म्हणजे जिचं मूळ लॅटिन अमेरिकेत आहे ती. हिस्पॅनिक म्हणजे जिचा वारसा स्पॅनिश भाषेचा आहे ती. ब्राझीलची बाई पोर्तुगीज बोलते, म्हणून ती लॅटिना आहे पण हिस्पॅनिक नाही. माद्रिदची बाई हिस्पॅनिक आहे, पण लॅटिना नाही. तुमच्या लेखिकेला दोन्ही लागू पडतात, तरी दोन्हींचा वास वेगळा. हिस्पॅनिक हा कागदावरचा शब्द आहे. १९७६ साली अमेरिकी काँग्रेसनं स्पॅनिश मूळ असलेल्या लोकांची आकडेवारी गोळा करण्याचा कायदा केला, १९७७ साली केंद्र सरकारनं या गटाची व्याख्या ठरवली, आणि १९८० च्या जनगणनेत हा प्रश्न पहिल्यांदा प्रत्येक घराला विचारला गेला. १९७० साली तो फक्त नमुन्यादाखल निवडलेल्या घरांना होता. 'किंवा लॅटिनो' ही पुस्ती १९९७ ची.

चिकाना हा शब्द मेक्सिकन-अमेरिकन बाईपुरताच. आधी तो हिणवण्यासाठी वापरत. १९६० च्या दशकातल्या चळवळीनं तो उचलून छातीवर मिरवला. म्हणजे कॉलेजात जाऊन 'चिकाना' होणं ही राजकीय भूमिका आहे, आणि जुन्या पिढीतल्या कुणाला तो शब्द ऐकून अजूनही शिवीच आठवत असेल. निबंधात वडील त्या शब्दावर चिडत असतील आणि का ते उलगडून सांगितलेलं नसेल, तर कारण बहुधा हेच. बोरिक्वा म्हणजे प्वेर्तो रिकन. हा शब्द बेटाच्या मूळ रहिवासी ताइनो लोकांच्या भाषेतल्या नावावरून आला. स्पॅनिश लोक तिथे पोचण्याआधीचं ते नाव.

फॉर्म भरण्याचा प्रसंग असेल तर साल तपासा. २०२० च्या जनगणनेपर्यंत प्रश्न दोन होते: आधी 'हिस्पॅनिक आहात का?', मग 'वंश कोणता?' दुसऱ्या प्रश्नाच्या यादीत गोरा, काळा, मूळ अमेरिकी, वेगवेगळे आशियाई वगैरे पर्याय होते, लॅटिनो नव्हता. म्हणून लाखो लोक 'इतर वंश'वर खूण करत. २०२० साली हा 'इतर' गट देशातला दुसऱ्या क्रमांकाचा ठरला, सुमारे ४ कोटी ९९ लाखांचा. मार्च २०२४ मध्ये नियम बदलले आणि दोन्ही प्रश्न एकत्र करायचं ठरलं. त्यामुळे 'माझी चौकट यादीतच नव्हती' हे वाक्य तक्रारीचा अलंकार समजू नका, फॉर्म खरोखर तसाच होता.

त्याच्याही मागे जायचं तर १९३० च्या जनगणनेत 'मेक्सिकन' हा स्वतंत्र वंश होता. विरोध झाला आणि १९४० साली तो काढला, त्याच लोकांना बहुतांशी 'गोरे' म्हणून नोंदवायच्या सूचना निघाल्या. म्हणजे टेक्सासमधली पणजी दहा वर्षांत कागदावर एका वंशातून दुसऱ्यात गेली, घरातून पाऊल बाहेर न टाकता.

'लॅटिनेक्स' हा शब्द आला असेल तर तोही तसाच ठेवा. लिंगनिरपेक्ष म्हणून तो काढला गेला, पण स्पॅनिश जिभेवर रुळत नाही. प्यू या जनमत-संशोधन संस्थेच्या २०१९ च्या पाहणीत हिस्पॅनिक प्रौढांपैकी ३ टक्के लोक तो स्वतःसाठी वापरत होते, आणि २०२४ च्या अहवालात हा आकडा ४ टक्के होता. घरगुती संवादात तो घालणारं पात्र बहुधा विद्यापीठातलं असणार.

अनुस्वार

नावांबद्दल. इथे देवनागरी तुमच्या बाजूनं आहे, आणि हा फायदा रोमन लिपीतल्या मूळ लेखालाही नाही.

स्पॅनिशमधले त आणि द दंत्य आहेत, मराठीसारखे. इंग्रजीतले आपल्या कानाला ट आणि ड वाटतात. शिवाय स्पॅनिशमध्ये ह लिहितात पण उच्चारत नाहीत, आणि लॅटिन अमेरिकेत झेडचा उच्चार स. म्हणून तेच आडनाव आजीच्या तोंडी 'एर्नांदेस' आणि वर्गात बाईंच्या तोंडी 'हर्नँडेझ'. रोमनमध्ये दोन्हीकडे अक्षरं तीच, त्यामुळे मूळ लेखिकेला 'बाईंनी माझं नाव मोडलं' असं सांगावं लागतं. तुम्हाला ते नुसतं लिहून ऐकवता येतं. घरात 'एर्नांदेस', शाळेत 'हर्नँडेझ', आणि लेखिका स्वतः काय म्हणते ते प्रसंग बघून. कोणत्या परिच्छेदात ती स्वतःच 'हर्नँडेझ' म्हणू लागते तिकडे विशेष लक्ष द्या.

बाकीचे उच्चार थोडक्यात. जे या अक्षराचा उच्चार ह, मेक्सिकोत थोडा घशातून खरखरीत, कॅरिबियनमध्ये मऊ: होसे, हिमेनेस. दोन एल म्हणजे य: गियेर्मो. एनवर नागमोडी रेघ म्हणजे न्य: मुन्योस, किन्सेआन्येरा (मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा). बी आणि व्ही यांचा उच्चार एकच, त्यामुळे आईचं आडनाव तिच्या तोंडी 'रिबेरा' आणि इंग्रजीत 'रिव्हेरा'. क्यूयू म्हणजे नुसता क. आघात दाखवायला देवनागरीत चिन्ह नाही, पण आघाताचा इ किंवा उ दीर्घ लिहिला की काम भागतं: मारीया, तीआ (आत्या किंवा मावशी). 'टिया' कधीच नको.

नागमोडी रेघ गळली तर काय होतं ते माहीत असू द्या. 'आन्यो' म्हणजे वर्ष आणि 'आनो' म्हणजे गुदद्वार. वाढदिवसाच्या केकवर किंवा फलकावर ही रेघ विसरली जाते आणि घरभर हसू पिकतं, हा प्रसंग अशा निबंधांत हमखास सापडतो. न्य आणि न यांतला फरक देवनागरीत आपोआप दिसतो, तो मुद्रितशोधनात जपा.

आता दोन आडनावं. पद्धत अशी: बापाचं पहिलं आडनाव, मग आईचं पहिलं आडनाव. बाप एर्नांदेस लोपेस, आई रिबेरा क्रूस, तर मुलगी एर्नांदेस रिबेरा. लग्नानंतर बाई आपली आडनावं बदलत नाही. वर्णानुक्रम लावायचा तो पहिल्या आडनावावर. अमेरिकी संगणकाला हे कळत नाही, तो शेवटचा शब्द आडनाव धरतो आणि 'एर्नांदेस'ला मधलं नाव करून टाकतो. मग बाप यादीत एचखाली, मुलगी आरखाली, दवाखान्यात दोन वेगळ्या फायली, आणि शाळेतून मुलीला न्यायला आलेल्या बापाचं आडनाव जुळत नाही. उपाय म्हणून लोक मध्ये जोडरेघ घालतात, नाहीतर दुसरं आडनाव सोडून देतात. निबंधात मध्येच जोडरेघ उगवली असेल तर ती छापील चूक समजून काढू नका.

मराठी वाचकाची अडचण वेगळी. तीन शब्दांचं नाव दिसलं की तो मधला शब्द बापाचं नाव समजणार. पहिल्यांदा पूर्ण नाव येईल तिथे 'वडलांकडून एर्नांदेस, आईकडून रिबेरा' एवढे शब्द वाक्यातच ओवून टाका.

अवांतर: प्वेर्तो रिकोत शब्दाच्या शेवटचा स पुष्कळदा हवेत विरतो आणि र कधी कधी ल होतो. मेक्सिकन नातेवाईक यावरून आईची नक्कल करत असतील तर तो लॅटिनोंनीच लॅटिनोंना मारलेला टोमणा आहे. ती जागा मराठी बोलीत बदलू नका. कोकणी किंवा वऱ्हाडी हेल घातलात तर पात्रंच दुसऱ्या प्रांतातली होऊन बसतील.

माजघर

नात्यांचे शब्द हा सापळा आहे खरा, कारण मराठीत त्याच ध्वनीचे शब्द आधीपासून बसलेत. 'मामी' म्हणजे मामाची बायको. 'पापी' म्हणजे पाप करणारा, आणि स्पॅनिशमध्ये तो लाडानं बापाला किंवा मुलाला म्हणतात. 'नाना' म्हणजे आपल्याकडे मिशाळ पुरुष, तर मेक्सिकन सीमाभागात आजी. 'ताता' तिकडे आजोबा. हे चारही लिप्यंतर करून वापरायचे नाहीत. आजीला 'आबुएला' किंवा सरळ 'आजी' करा.

कॅरिबियन घरांत आई लहान मुलीला 'मामी' म्हणते, शब्दशः 'आई'. तुम्हाला 'माझे आई' सुचेल, पण मराठीत ते वैतागून म्हणतात. 'अगं माझे आई, गप बस' असं. म्हणून 'राणी', 'बाळा', 'सोन्या' यांतलं एक धरून ठेवा. 'मीहा' (मी ईहा, माझी मुलगी) हा शब्द मात्र ठेवता येईल. मराठीत त्याचा दुसरा अर्थ नाही, आणि तो आईच नव्हे तर दुकानातली अनोळखी म्हातारीही वापरते. संवादात दोनदा आला की वाचक समजून घेतो.

काही ठिकाणी मराठी इंग्रजीपेक्षा वरचढ आहे, तिथे संकोच करू नका. 'कोन्स्वेग्रा' म्हणजे विहीण, अगदी तंतोतंत. इंग्रजीत त्याला शब्द नाही, लेखिकेला 'माझी आई आणि माझी सासू एकमेकींना जे म्हणतात ते' अशी कसरत करावी लागली असेल. तुम्ही 'विहीणबाई' लिहून मोकळे व्हा. 'कोन्कून्यो' बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यासाठी आला असेल तर साडू, 'कोन्कून्या' नवऱ्याच्या भावाच्या बायकोसाठी असेल तर जाऊ.

'कोमाद्रे'ला मात्र मराठीत जोड नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला धर्ममाता मिळते, ती मुलाची 'माद्रीना'. पण तिचं आणि मुलाच्या आईचं एकमेकींशी जे नातं जुळतं ते कोमाद्रे, शब्दशः सह-आई. हे नातं मुलापेक्षा त्या दोघींचं असतं: मूल सांभाळणं, उसने पैसे, भांडण मिटवणं. 'मैत्रीण' केलंत तर त्यातली बांधिलकी जाते. 'विहीण' तर नकोच. कोमाद्रे ठेवा आणि पहिल्या वेळी अर्थ सांगा.

संबोधनाची भेट मात्र मराठीलाच मिळालीय. स्पॅनिश 'तू' म्हणजे मराठी 'तू', दंत्य उच्चारासकट. 'उस्तेद' म्हणजे तुम्ही. इंग्रजीत दोन्ही वाहून गेलेत, त्यामुळे कोण कुणाला काय म्हणतं ते तुम्हाला ठरवावं लागेल. मेक्सिकन घरांत, त्यातही खेड्यातून आलेल्या, मुलं आईबापांना आणि आजीला उस्तेद म्हणतात. प्वेर्तो रिकन घरांत आईला तू ऐकू येणं सहज. तेव्हा वडलांना आणि त्यांच्याकडच्या आजीला 'तुम्ही', आईला 'तू' ही विभागणी शोभेल. एक बारकावा: एरवी तू म्हणणारी आई रागावली की अचानक उस्तेदवर येते. मराठीत 'या, बाईसाहेब, या' म्हणतो ना, तोच प्रकार. घराणं एल साल्वादोर किंवा ग्वातेमालाचं असतं तर 'वोस' हे तिसरंच रूप आलं असतं, इथे त्याची गरज नाही.

खाण्याबद्दल विचारलं नाहीत, पण नाताळचा प्रसंग असणारच. वडलांकडे तामालेस: चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ, त्यात चरबी फेटून घातलेली, भिजवून मऊ केलेल्या कणसाच्या सालात गुंडाळून वाफवलेले. आईकडे पास्तेलेस: किसलेली हिरवी केळी आणि याउतीया नावाचा कंद, आत मांस, केळीच्या पानात आणि कागदात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून, उकळत्या पाण्यात सुमारे तासभर. मेक्सिकोत 'पास्तेल' म्हणजे केक. त्यामुळे 'नाताळात पास्तेलेस केले' याचा 'केक केले' असा अनुवाद झाला तर आईचं बेटच पुसलं जाईल. दोन्हींना 'पानगी' म्हणण्याचा मोहही टाळा.

सनावळी

चौथा प्रश्न. शब्दखेळ नाही, तारीख असलेली घटना आहे. २ फेब्रुवारी १८४८ ला ग्वादालुपे इदाल्गो इथे तह झाला आणि मेक्सिकोचा प्रचंड प्रदेश अमेरिकेकडे गेला: कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोचा मोठा भाग वगैरे. टेक्सास १८४५ सालीच सामील झालं होतं, पण रिओ ग्रांदे नदी ही त्याची सीमा या तहानं पक्की झाली. तिथे राहणाऱ्यांना एक वर्ष दिलं: मेक्सिकन नागरिकत्व ठेवायचं असेल तर तसं जाहीर करा, नाहीतर तुम्ही अमेरिकी. घर, शेत, विहीर जागच्या जागी आणि देश बदललेला. वाक्य तसंच ठेवा, सुंदर आहे.

आईची बाजू निराळी. प्वेर्तो रिको १८९८ साली स्पेनकडून अमेरिकेकडे आलं आणि १९१७ च्या कायद्यानं तिथले लोक अमेरिकी नागरिक झाले. बेटावरून न्यूयॉर्कला जायला व्हिसा नाही, ग्रीन कार्ड नाही. म्हणून आईला 'निर्वासित' किंवा 'परदेशातून आलेली' म्हणू नका. 'आपल्या देशात परत जा' असं तिला कुणी सुनावलं, तर त्यातला विनोद असा की ती देशातच आहे. बेटावर राहत असताना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत मात्र नाही, आणि न्यूयॉर्कला आल्यावर आहे. तेही सुखासुखी मिळालं नाही, कारण न्यूयॉर्कमध्ये मतदारांना इंग्रजी वाचता येण्याची अट होती. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यात खास कलम घातलं गेलं: बेटावरच्या शाळेत स्पॅनिशमधून सहावी झालेल्या माणसाला इंग्रजी येत नाही म्हणून मत नाकारता येणार नाही. न्यायालयानं ते १९६६ साली उचलून धरलं. निबंधातली आजी 'सहावी पास' असल्याचं अभिमानानं सांगत असेल, तर हे डोक्यात ठेवा.

वडलांनी मुलीला स्पॅनिश का शिकवली नाही, हा सवाल निबंधात असेलच. टेक्सासच्या मार्फा गावात ब्लॅकवेल नावाची मेक्सिकन मुलांची वेगळी शाळा होती. १९५४ साली तिथे मुलांकडून चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहून घेतले आणि 'मिस्टर स्पॅनिश'चं दफन केलं, मैदानात खड्डा खणून. स्पॅनिश बोललं की मार, हा प्रकार अनेक शाळांत होता. ज्या पिढीनं तो मार खाल्ला तिनं मुलांशी इंग्रजीत बोलायचं ठरवलं. ब्लॅकवेलची इमारत २०२२ च्या कायद्यानं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली.

त्याच साली, म्हणजे १९५४ च्या मे महिन्यात, सर्वोच्च न्यायालयात 'हर्नँडेझ विरुद्ध टेक्सास' या खटल्याचा निकाल लागला. जॅक्सन काउंटीत २५ वर्षांत एकही मेक्सिकन आडनावाचा माणूस ज्युरीवर बसला नव्हता. राज्याचा युक्तिवाद असा की मेक्सिकन लोक कायद्यानं गोरेच आहेत आणि ज्युरीवर गोरे होतेच, मग भेदभाव कुठला? आणि त्याच कोर्टाच्या इमारतीत पुरुषांची दोन स्वच्छतागृहं होती. एकावर पाटी नव्हती, दुसऱ्यावर इंग्रजीत 'कलर्ड मेन' आणि खाली स्पॅनिशमध्ये 'ओम्ब्रेस आकी', पुरुष इकडे. खडूपाटी यांनी सांगितलेल्या १९४० च्या 'गोऱ्या' नोंदीची किंमत त्या पाटीवरून कळते. निकाल एकमतानं हर्नँडेझच्या बाजूनं लागला.

ओसरी

मामी-पापी-नानाचा उलगडा झाला, एर्नांदेस/हर्नँडेझ तर लगेच उचलतो आहे. पाचवा प्रश्न राहिलाच. आणखी एक: चुलतभावंडं तिला 'नो साबो' म्हणून चिडवतात. आणि दवाखान्यात नऊ वर्षांची लेखिका डॉक्टरांचं बोलणं आईला समजावते, त्या प्रसंगाचा सूर कोणता ठेवावा?

उंबरा

'नो साबो' म्हणजे स्पॅनिश नीट न येणारं लॅटिनो पोर. 'मला माहीत नाही' याला स्पॅनिशमध्ये 'नो से'. 'साबेर' हे क्रियापद अनियमित आहे, पण शिकणारं मूल नियम लावून 'साबो' बनवतं. मराठीत लहान मूल 'केलं' ऐवजी 'करलं' म्हणतं तीच चूक. 'नो साबो' ठेवा आणि शेजारी 'करलं म्हणणारी' असं एकदा घाला. मराठी वाचकाला चिडवण्याची जात ताबडतोब कळेल. बाहेर उच्चारावरून हसणं आणि घरात स्पॅनिश येत नाही म्हणून हसणं, अशी तिची दोन्हीकडून कोंडी आहे.

'मूळची कुठली?' बोथट होतं कारण मराठीत हा प्रश्न रोजचा, निरुपद्रवी आहे. गाव विचारणं म्हणजे ओळख वाढवणं. अमेरिकेत तो ज्याला त्याला विचारत नाहीत, चेहरा बघून विचारतात. धार पहिल्या प्रश्नात नसते, दुसऱ्यात असते. ती म्हणते 'सॅन अँटोनिओ', समोरची म्हणते 'तसं नव्हे, खरी कुठली?' हा 'खरी' मराठीत ठासून आला पाहिजे, कारण त्याचा अर्थ 'तुझं उत्तर खोटं' असा होतो. 'तुझं इंग्रजी छान आहे हं' हेही त्यातलंच. जिची पहिली भाषा इंग्रजी आहे तिला ही शाबासकी कशाबद्दल? कौतुकाचा सूर तसाच राहू द्या. उपरोध वाढवलात तर बोलणारी बाई दुष्ट वाटेल, आणि ती दुष्ट नाही म्हणूनच तो प्रसंग टोचतो.

आत्याचं वाक्य म्हणजे 'मेहोरार ला रासा'. शब्दशः 'वंश सुधारणे', पण मराठीत 'वंश' म्हटलं की कुळाचा दिवा आठवतो, रंग आठवत नाही. 'चला, पुढची पिढी तरी उजळ निघेल' असं करा. आत्या ते गोड हसून, मायेनं म्हणते. 'पेलो मालो' (वाईट केस, म्हणजे कुरळे, आफ्रिकी वळणाचे) हे आईकडच्या बाजूला ऐकू येईल. 'मोरेना'ला सावळी चालेल. 'प्रिएता'ला सावळी करू नका, ते काळी आहे. सौम्य शब्द निवडून आपणच आत्याला वाचवतो. उलट 'नेग्रीता' लाडानंही म्हणतात, तिथे 'काळुबाई' किंवा 'काळुंद्री'सारखा घरगुती शब्द लागेल, आणि तो लाड आहे की घाव हे वाचकानं प्रसंगावरून ठरवायचं. मेक्सिकन बाजारात विक्रेते कुठल्याही रंगाच्या गिऱ्हाइकिणीला 'ग्वेरा', गोरी, म्हणून हाक मारतात, खूश करायला. हा शब्द आला तर आधी बघा कोण बोलतंय.

दवाखान्याचा प्रसंग. मुलांनी दुभाष्या होणं स्थलांतरितांच्या घरांत सर्रास घडतं, आणि त्यात चुका होण्याच्या जागा ठरलेल्या असतात. 'एम्बारासादा' इंग्रजीतल्या लाजण्याच्या शब्दासारखं दिसतं, पण अर्थ गरोदर. 'इन्तोक्सिकादो' हे इंग्रजीत नशेत असल्यासारखं ऐकू येतं, आणि अर्थ निघू शकतो अन्नातून किंवा औषधातून बाधा झालेला. शिवाय मूल वाईट बातमी गाळतं किंवा मऊ करतं. २०१० च्या आरोग्य कायद्याच्या कलम १५५७ खालच्या नियमांनुसार सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यानं अल्पवयीन मुलाकडून दुभाष्याचं काम करून घ्यायचं नाही, तातडीची वेळ असून दुसरा कोणी मिळत नसेल तरच सूट. प्रसंग त्याआधीचा असेल तर कायद्याची टीप नको, गोंधळ होईल. सूर म्हणाल तर डॉक्टरांची वाक्यं मोठ्यांच्या मराठीत लिहा आणि तीच आईला सांगताना नऊ वर्षांच्या मुलीच्या शब्दांत. दोन्हींत जे गळलं ते वाचकाला दिसेल, वर 'मी घाबरले होते' लिहायला नको.

कागदपत्रांचा विषय निघाला तर बोलणारा कोण ते बघून शब्द निवडा. शेजारी 'बेकायदा' म्हणतील, वकील 'कागदपत्रं नसलेले', घरचे 'सिन पापेलेस', बिनकागदाचे. तिन्ही एकाच मराठी शब्दात कोंबू नका.

अनुस्वार

टिपांचं राहिलं. तळटिपा शक्यतो शून्य. अर्थ वाक्यात ओवता येतो तिथे ओवा, उरलेले बारा-पंधरा शब्द शेवटी एका पानावर, वर्णानुक्रमे. १८४८ आणि १९१७ एवढ्या दोन गोष्टी अनुवादकाच्या मनोगतात घ्या, त्यांच्यावाचून आईबापांचे संवाद कळत नाहीत. बाकी सनावळी तुमच्या माहितीसाठी, पुस्तकात नको. (सनावळी यांनी राग मानू नये.)

आणि स्पॅनिश शब्दांना अवतरणचिन्हं लावू नका, तिरका ठसाही नको. मूळ लेखिकेनं लावला आहे का ते आधी बघा. लावला नसेल तर ते मुद्दाम आहे, तिच्या घरात ते शब्द परके नाहीत.

माजघर

+१. फक्त 'नो साबो' पहिल्या वेळी अवतरणात ठेवा, ती चिडवणारी हाक आहे. पुढे साधं.

आणि ओसरी, तुमची आत्या खरंच आत्या आहे का ते तपासा. 'तीआ' म्हणजे मावशीही, आणि आईच्या कोमाद्रेलाही पोरं तीआच म्हणतात. वडलांची बहीण असेल तरच आत्या. आईकडची असेल तर 'उजळ निघेल' हे वाक्य प्वेर्तो रिकन तोंडातून येतंय, आणि मग त्याच्या आगेमागे केसांचा उल्लेख असणार.

ओसरी

तपासलं. मावशी आहे. पुढच्याच ओळीत पेलो मालो.